व्हेरापामिल: क्लस्टर डोकेदुखीत साधी गोळी आणि एसआर गोळी

क्लस्टर डोकेदुखीचे अटॅक येऊच नयेत म्हणून जी औषधं देतात त्यात पहिलं नाव व्हेरापामिलचं. मुळात हे हृदयाचं औषध, जर्मनीतल्या क्नोल कंपनीचं, १९६० च्या दशकात बाजारात आलं आणि डोकेदुखीवाल्यांनी ते १९८० च्या दशकात उचललं. अमेरिकेत या दुखण्यासाठी त्याला आजही अधिकृत मंजुरी नाही, म्हणजे सगळं ऑफ-लेबलच चालतं. ते दोन प्रकारांत मिळतं. साधी गोळी म्हणजे आयआर, जी पोटात गेली की विरघळून मोकळी होते, आणि एसआर किंवा ईआर, जी तासन्‌तास हळूहळू औषध सोडत राहते. भारतात कॅलॅप्टिन नावानं साधी ४० आणि ८० मिलिग्रॅमची मिळते, एसआर १२० आणि २४० ची. स्ट्रिपवर फरक फक्त त्या दोन अक्षरांचा दिसतो, म्हणून घरी आल्यावर एकदा नीट वाचून घ्यावं.

आता हा फरक बीपीवाल्याला फारसा जाणवत नाही, मग क्लस्टरवाल्याला एवढा का? कारण हे दुखणं घड्याळ लावून येतं. एकाच बाजूच्या डोळ्यामागे सळई खुपसल्यासारखी कळ, तो डोळा लाल होऊन वाहतो, त्याच बाजूची नाकपुडी बंद, पापणी थोडी खाली येते, आणि अर्धशिशीवाला जसा अंधार करून पडून राहतो तसं इथे पडवतच नाही, माणूस खोलीत येरझाऱ्या घालतो. एक अटॅक १५ मिनिटं ते ३ तास, दिवसाला ८ पर्यंत. बऱ्याच जणांना झोप लागल्यावर तासा-दोन तासांत, रात्री एक-दीडला, आणि रोज जवळपास त्याच वेळेला. त्यामुळे औषध दिवसभरात किती गेलं एवढंच नाही, रात्री दीडला रक्तात किती आहे तेही बघावं लागतं.

साधी गोळी घेतल्यावर साधारण १ ते २ तासांत रक्तातलं प्रमाण सगळ्यात वर जातं आणि मग उतरायला लागतं. व्हेरापामिलचा बराचसा भाग लिव्हर पहिल्याच फेरीत संपवून टाकतं, २० ते ३५ टक्केच पुढे पोचतं, आणि नियमित घेत असलात तरी निम्मं औषध साडेचार ते बारा तासांत उतरतं, म्हणून ती दिवसातून तीनदा घ्यावी लागते. एसआरमध्ये औषध अल्जिनेटसारख्या, म्हणजे समुद्री शेवाळातून काढलेल्या चिकट पदार्थात बांधलेलं असतं, तो फुगतो आणि औषध झिरपत राहतं. जेवणाबरोबर घेतली तर प्रमाण वर जायला सात-आठ तास लागतात, उपाशीपोटी पाचेक तास, आणि उपाशीपोटी ते शिखर जवळजवळ दुप्पट उंच जातं. म्हणजे रोज जेवून घेणाऱ्यानं एखाद्या दिवशी उपास धरून तीच एसआर घेतली तर गोळी तीच पण शरीराला मिळालेलं औषध वेगळं. हे फार कमी जणांना सांगितलं जातं.

पुरावा कुठल्या बाजूला? दोन्ही समोरासमोर ठेवून केलेली मोठी चाचणी नाही. इटलीतली २००० साली छापून आलेली छोटी चाचणी नेहमी पुढे करतात, ३० रुग्ण, निम्म्यांना १२० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, निम्म्यांना डमी गोळी. औषधवाल्या १५ पैकी १२ जणांचे अटॅक निम्म्याहून कमी झाले, डमीवाल्यांत एकाचेही नाही. म्हणजे पुरावा आहे तो दिवसात विभागून दिलेल्या डोसचा. त्यामुळे डोकेदुखीचे बरेच तज्ज्ञ साधीनंच सुरुवात करतात, आणि मला तरी ते पटतं, कारण डोस बसवायचा असतो तेव्हा ८० नं वर-खाली करता येतं आणि रात्रीचा डोस अटॅकच्या आधी नेऊन ठेवता येतो. एकदा बसला की मग एसआर, कारण तीन-तीन वेळा लक्षात ठेवणं रोज कोणाला जमतं, दुपारची हमखास राहतेच. ८० च्या तीन म्हणजे एसआर २४० ची एक, हा हिशोब कागदावर बरोबर, पण बदलल्यावर रात्रीचा अटॅक परत डोकं वर काढू शकतो, तेव्हा एसआर सकाळ-रात्र अशी विभागतात किंवा परत साधीवर येतात.

डोसचं म्हणाल तर २४० ते ४८० मध्ये बऱ्याच जणांचं भागतं पण काहींना ९६० पर्यंत न्यावं लागतं, हे हृदयासाठी देतात त्याच्या कितीतरी वर. म्हणून सुरू करण्याआधी आणि प्रत्येक वाढीनंतर साधारण दहा दिवसांनी ईसीजी. लंडनमध्ये २००७ साली १०८ रुग्ण पाहिले तेव्हा १९ टक्क्यांच्या ईसीजीत ठोक्यांची गडबड निघाली. एसआर हळू सुटते म्हणून ईसीजी नको, हा समज चुकीचाच. बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके मंद करणारं बीपी-हृदयाचं औषध, चालू असेल तर तो डॉक्टरला आधी सांगायचा. ग्रेपफ्रूट टाळायचं, आणि गणपतीच्या दिवसांत बाजारात येणारं पपनसही त्याच जातकुळीचं आहे, तेही. बद्धकोष्ठता दोन्हीत होते, इसबगोल घरात आणून ठेवलेलं बरं.

औषध लागू पडायला आठवडा-दोन आठवडे जातात, मधला काळ काढायला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड किंवा डोक्याच्या मागच्या मज्जातंतूभोवती इंजेक्शन देतात, आणि चालू अटॅकवर मास्कनं ऑक्सिजन, मिनिटाला १२ लिटर किंवा जास्त. त्या क्षणी व्हेरापामिलची कुठलीच गोळी कामाची नाही, आणि घाईत एसआर चावून किंवा कुटून तर अजिबातच घ्यायची नाही, सगळा साठा एकदम सुटतो. मधे खाच असलेली २४० ची काही कंपन्यांची गोळी अर्धी करता येते, पण तेवढंच, आणि तेही केमिस्टला विचारून.