कम्युनिटी कॉलेजमधलं हायस्कूल मुलांचं करिअर ट्रेनिंग (अमेरिका)

अमेरिकेतली नववी ते बारावीची मुलं शाळा चालू असतानाच जवळच्या कम्युनिटी कॉलेजात जाऊन वेल्डिंग, गाड्यांची दुरुस्ती, नर्सिंग असिस्टंट, डेंटल असिस्टंट, सायबर सिक्युरिटी असं हाताला काम देणारं काहीतरी शिकतात, आणि बऱ्याच प्रोग्रॅममध्ये तो कोर्स शाळेच्याही हिशोबात धरला जातो आणि कॉलेजच्याही. सरकारी कागदांत या शिक्षणाला करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन म्हणजे सीटीई म्हणतात, आणि दोन्हीकडे क्रेडिट मिळण्याला ड्युअल एन्रोलमेंट किंवा ड्युअल क्रेडिट. हल्ली वर्षाला २५ लाखांहून जास्त हायस्कूल विद्यार्थी ड्युअल एन्रोलमेंटमध्ये असतात, अर्थात त्यात इंग्लिश, मॅथ्स असे साधे विषय घेणारेही खूप.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, फी कमी, मेरिट लिस्टची मारामारी सहसा नाही, शेवटी असोसिएट डिग्री किंवा सर्टिफिकेट. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ चं, ते यातलं सगळ्यात जुनं सरकारी कॉलेज मानतात. हायस्कूलमध्ये धंदेशिक्षणाला केंद्राचा पैसा यायला लागला तो १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्यापासून, तेव्हा विषय होते शेती, कारखान्यातली कामं आणि गृहशास्त्र. पण पुढे कित्येक दशकं झालं असं की गरीब, काळ्या, लॅटिनो आणि नव्याने आलेल्या इमिग्रंट घरांतल्या मुलांना "तुला कॉलेज झेपणार नाही, तू वर्कशॉपला जा" म्हणून तिकडे ढकललं गेलं, त्यामुळे व्होकेशनल या नावालाच डाग लागला. धंदेशिक्षणाला केंद्राचा पैसा देणाऱ्या १९८४ च्या पर्किन्स कायद्याच्या २००६ मधल्या नव्या रूपात सीटीई हे नाव घेतलं, २०१८ ला पाचवी आवृत्ती आली, आणि आज त्यातून राज्यांना वर्षाला सव्वा अब्ज डॉलरहून जास्त मिळतात. मला विचाराल तर नाव बदलल्याने फार फरक पडला नाही, खरा फरक पडला तो ट्रेनिंग कॉलेजात नेल्यामुळे, कारण तिथे मिळालेलं क्रेडिट पुढे डिग्रीत धरलं जाऊ शकतं, म्हणजे वेल्डिंग शिकलेल्या मुलीला उद्या इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीकडे वळायचं झालं तर दार उघडं राहतं.

राज्याराज्यांत पद्धत वेगळी. मिनेसोटाने १९८५ मध्येच हायस्कूलच्या मुलांना कॉलेजचे वर्ग राज्याच्या खर्चाने खुले केले. वॉशिंग्टन राज्यात १९९० च्या कायद्यातून रनिंग स्टार्ट नावाची अशीच योजना आली, त्यात अकरावी-बारावीच्या मुलांना ट्यूशन फी नाही, मात्र पुस्तकं, किरकोळ फी आणि जाण्यायेण्याचा खर्च सहसा घरच्यांनी बघायचा. ब्रुकलिनमध्ये २०११ ला सुरू झालेल्या पी-टेक शाळेत आयबीएम आणि न्यूयॉर्कची सिटी युनिव्हर्सिटी एकत्र आली, मुलं सहा वर्षांपर्यंत राहून हायस्कूल डिप्लोमासोबत असोसिएट डिग्रीही घेऊन बाहेर पडू शकतात. हाच नमुना पुढे टेक्साससारख्या राज्यांनीही उचलला.

रोजचं चित्र साधारण असं की अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस कॉलेजची लॅब. वेल्डिंगच्या लॅबमध्ये प्रत्येकाला पडदा लावलेला कप्पा असतो, मूल दोन प्लेटा जोडतं, थंड झाल्यावर त्या जोडातून पट्ट्या कापतात, घासून साफ करतात आणि प्रेसमध्ये यू आकारात वाकवतात, बाहेरच्या अंगाला ३ मिलिमीटरपेक्षा मोठी भेग उघडली की नापास. इथे घोकंपट्टी चालत नाही, लोखंडच निकाल सांगतं. नर्सिंग असिस्टंटसाठी १९८७ च्या केंद्रीय कायद्याने किमान ७५ तासांचं ट्रेनिंग ठरवलंय, त्यातले निदान १६ तास देखरेखीखाली प्रत्यक्ष काम, बरीच राज्यं याहून जास्त मागतात. परीक्षेत परीक्षकासमोर हात धुवून दाखवायचे, पेशंटला कुशीवर वळवायचं, नाडी मोजायची. सतरा वर्षांची मुलगी हे पास झाली की राज्याच्या वयाच्या अटीत बसत असेल तर वृद्धाश्रमात पगारी कामाला लागू शकते आणि पुढचं नर्सिंग तिथूनच चालू ठेवू शकते. अठराच्या आतल्यांना धोकादायक मशीनवर काम करायला केंद्राची बंदी आहे, पण स्टुडंट-लर्नर म्हणजे ट्रेनिंगचा भाग म्हणून काम करणारा विद्यार्थी अशी रीतसर नोंद असेल तर काही मशीनपुरती सूट मिळते.

अडचणी बहुतेक साध्या, पण त्यातच मुलं गळतात. कॉलेज पंधरा मैलांवर आणि शाळेची बस नसेल तर आईवडिलांची शिफ्ट सोडून कोण नेणार, मग ज्याच्या घरी दुसरी गाडी आहे त्याचंच मूल जातं आणि ज्याला खरी गरज त्याचं राहतं. केंद्राची पेल ग्रँट, म्हणजे गरजू कॉलेज विद्यार्थ्यांना मिळणारी मदत, सहसा हायस्कूल पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे फीचा भार राज्य, शाळा किंवा पालक यांच्यावरच. शिवाय इथले ग्रेड कॉलेजच्या कायमच्या रेकॉर्डवर चढतात, पंधराव्या वर्षी आलेला एफ (नापास) ग्रेड पुढे फायनान्शियल एडच्या वेळीही मोजला जाऊ शकतो, आणि हे मुलांना आधी नीट सांगितलं जात नाही याचं फार वाईट वाटतं.

महाराष्ट्रात याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे अकरावी-बारावीला २०० मार्कांचा बायफोकल विषय किंवा एचएससी व्होकेशनल, ज्याला आधी किमान कौशल्य म्हणजे एमसीव्हीसी म्हणायचे, फक्त त्यात कॉलेजच्या डिग्रीचं क्रेडिट आधीच जमा होत नाही. अमेरिकेतल्या मराठी घरांत ड्युअल एन्रोलमेंट म्हटलं की बहुतेक कॅल्क्युलस नाहीतर कम्प्युटर सायन्स हेच डोळ्यासमोर येतं, त्याच कॉलेजातल्या वेल्डिंग किंवा डेंटलच्या लॅबकडे कुणी बघत नाही. आणि नव्याने आलेल्या पालकांना एक गोष्ट माहीत हवी, मूल कॉलेजच्या वर्गात बसलं की वय काहीही असो, तिथल्या रेकॉर्डचे हक्क फेर्पा या विद्यार्थ्यांच्या रेकॉर्डच्या गोपनीयतेच्या केंद्रीय कायद्याने मुलाकडे जातात, त्यामुळे मार्क विचारायला कॉलेजला फोन केलात तर बहुतेक वेळा मुलाची लेखी परवानगी आणा असंच उत्तर मिळतं.