सिंगापूर नागपूरपेक्षा जास्त तापतं का?

‘विषुववृत्ताजवळचे देश जगात सर्वांत जास्त तापतात’ असा मेसेज दर उन्हाळ्यात फिरतो. तर्क सरळ वाटतो, पण अपुरा आहे. सिंगापूर विषुववृत्तापासून दीड अंशाच्या आत. तिथलं आजवरचं कमाल तापमान ३७ अंशांच्या आसपास. नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ गाठतो.

सिंगापुरात दिवस वर्षभर सुमारे १२ तासांचा, भोवती समुद्र, वारंवार ढग आणि सरी. उन्हाची बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. मेअखेरीस नागपुरात सूर्य डोक्यावर, दिवस १३ तासांहून मोठा आणि जमीन कोरडी.

मात्र दमट हवेत घाम लवकर वाळत नाही. सिंगापूरचे ३२ अंशही धावणाऱ्याला थकवतात, हे खेळाडूंनी हलकं घेऊ नये. पडताळायला दोन्ही शहरांची महिनावार कमाल तापमानं आर्द्रतेसकट शेजारी ठेवून पाहा.