व्याध दिसला की नाईलला पूर यायचा

इजिप्तमधून पाहिलं तर व्याधाचा तारा दरवर्षी साधारण 70 दिवस गायब असतो. मृगातल्या तीन चांदण्यांची रेघ पुढे वाढवली की जो लखलखीत तारा लागतो तोच हा, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी. मे महिन्यात तो सूर्यास्तानंतर पश्चिमेला रोज थोडा थोडा खाली जाताना दिसतो आणि मग एक दिवस संधिप्रकाशात दिसेनासाच होतो. तारा कुठेही गेलेला नसतो, पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून आपल्याला सूर्य ताऱ्यांमधून रोज जवळजवळ एक अंश पूर्वेकडे सरकल्यासारखा वाटतो, तो व्याधाच्या बाजूला आला की व्याध दिवसा उगवतो आणि दिवसाच मावळतो, मग दिसणार कसा!

सूर्य पुढे सरकला की व्याध पुन्हा पहाटे पूर्वेला क्षणभर दिसतो, आणि सूर्य उगवायच्या आत उजेडात विरतो. प्राचीन इजिप्तमध्ये, आताच्या कैरोजवळच्या मेम्फिसला, ही पहाट यायची 19 जुलैच्या सुमारास (जुनं ज्युलियन कॅलेंडर धरून), आणि त्याच दिवसांत नाईलला पूर चढायचा. त्यांनी ताऱ्याला सोपदेत नावाची देवीच मानलं. पूर काही ताऱ्यामुळे येत नव्हता, तो यायचा इथिओपियाच्या डोंगरांवर जून ते सप्टेंबर पडणाऱ्या पावसामुळे, म्हणजे आपला मान्सून असतो त्याच महिन्यांत. आपल्याकडे सूर्य मृग नक्षत्रात गेला की पेरणीची घाई, तिकडे व्याध दिसला की पूर आणि मग गाळावर पेरणी. पण महाराष्ट्रात व्याध परत येतो तेव्हा आभाळ बहुतेक ढगांनी भरलेलं असतं, इजिप्तला ती अडचण नव्हती.

70 हा आकडा त्यांच्या मनात किती खोल गेला होता बघा. ममी करायचा विधी 70 दिवसांचा, आणि त्यांच्या आकाशाविषयीच्या जुन्या लेखनात तारे मरतात, 70 दिवस मसाला लावायच्या घरात राहतात आणि मग पुन्हा जन्मतात असं आहे. मला हे फार सुंदर वाटतं, कारण निरीक्षण पक्कं आहे आणि अर्थ त्यांचा स्वतःचा आहे.

व्याधासारखेच आणखी तारे किंवा तारकापुंज निवडून त्यांनी एकूण 36 केले, दर दहा दिवसांनी पुढचा पहाटे उगवायचा. इ.स.पू. 2100 च्या आसपासच्या शवपेट्यांच्या झाकणांवर आतून हे तक्ते रंगवलेले सापडलेत. रात्री ओळीने उगवणारे असे 12 मोजले म्हणून रात्रीचे 12 भाग, दिवसाचेही 12, आपल्या घड्याळातले 24 तास तिथूनच सुरू झाले.

कॅलेंडरची गंमत मात्र वेगळीच. 30 दिवसांचे 12 महिने आणि वरचे 5 दिवस, एकूण 365, लीप इयर नाही. खरं वर्ष जवळजवळ पाव दिवसाने मोठं, त्यामुळे दर चार वर्षांनी कॅलेंडर एक दिवस चुकायचं, 120 वर्षांत महिनाभर, आणि पुराचा ऋतू कागदावर असायचा पण नदीत पाणी नसायचं. हे त्यांना कळत नव्हतं असं अजिबात नाही, व्याध दरवर्षी ते दाखवून देत होताच. इ.स.पू. 238 मध्ये इजिप्तच्या तिसऱ्या टॉलेमी राजाच्या काळात दर चार वर्षांनी एक दिवस वाढवायचा हुकूमनामा दगडावर कोरला गेला, तरी तो काही रुजला नाही, शेवटी रोमन सम्राट ऑगस्टसने तो बदल लावला.

आजच्या इतिहासकारांना मात्र हीच चूक उपयोगी पडते. एबर्स पपायरस या प्राचीन इजिप्तच्या वैद्यकावरच्या हस्तलिखितावर पहिल्या आमेनहोतेप राजाच्या नवव्या वर्षी व्याध कॅलेंडरच्या कुठल्या तारखेला दिसला ते लिहिलंय, त्यावरून तो राजा कधी होऊन गेला ते काढता येतं. फक्त एक गाठ सुटत नाही. व्याध दक्षिणेकडे आधी दिसतो, अक्षांशाच्या एका अंशाला साधारण एक दिवस, त्यामुळे दक्षिण इजिप्तमधल्या आस्वानचा माणूस मेम्फिसच्या जवळपास सहा दिवस आधी त्याला बघतो, आणि सहा दिवस म्हणजे त्या कॅलेंडरमध्ये 24 वर्षं. पपायरसवर निरीक्षण कुठून केलं ते लिहिलेलंच नाही.