मागे वाघ आहे हे माहीत असूनही न वळणं

आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही काही जण पोरांचं नाटक बसवतो, आणि यंदा एका सात वर्षांच्या पोरीनं मला तीन दिवस नुसतं विचारात पाडलं. सीन एकदम साधा. ती जंगलात काटक्या गोळा करतेय, मागच्या विंगेतून वाघ येतो, तिला पत्ता नसतो, वाघ अगदी पाठीशी आला की ती वळते आणि किंचाळते, बस. पण ही पोरगी वाघ विंगेत असतानाच मान वळवून बघायची, दर तालमीला. बघू नको म्हटलं तर डोळे गच्च मिटून काटक्या चाचपायला लागली. शेवटी जवळ बसवून विचारलं, का गं बघतेस? तर म्हणाली, "दादा, तो येणारच आहे ना, मला माहितीये."

बरोबरच होतं तिचं. तिला माहितीये, पण ती जिचं काम करतेय तिला माहीत नाही, आणि या दोन गोष्टी एकाच डोक्यात एकाच वेळी सांभाळायच्या हे किती मोठं काम आहे ते मला त्या दिवशी नीट कळलं.

मानसशास्त्रात यावर खूप काम झालंय. 1983 साली हाइन्झ विमर आणि जोसेफ पेर्नर या दोघांनी लहान मुलांना एक गोष्ट सांगितली. मॅक्सी नावाचा मुलगा एका कपाटात चॉकलेट ठेवून खेळायला जातो, तो नसताना आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. आता मॅक्सी परत आल्यावर कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं सरळ सांगतात, दुसऱ्या कपाटात, कारण चॉकलेट खरंच तिथे आहे. आपल्याला माहीत असलेली गोष्ट मॅक्सीला माहीत नाही हे त्यांना अजून धरता येत नाही, ते साधारण चार-पाच वर्षांचं झाल्यावर जमायला लागतं. बालनाट्याच्या प्रयोगाला कधी प्रेक्षकांत बसलात तर हे डोळ्यांनी दिसतं, राक्षस मागून आला की पोरं जीव तोडून ओरडतात ना, "मागे बघ, मागे बघ!", ते ओरडणं म्हणजेच ही समज आलीये याची खूण आहे, कारण त्याला दिसत नाहीये आणि मला दिसतंय हे कळल्याशिवाय कोणी ओरडणार कशाला.

स्टेजवरच्या पोराला मात्र याच्या पुढची पायरी चढावी लागते. दुसऱ्याला काय माहीत नाही हे कळून भागत नाही, आपल्या मानेनं, हातानं, आवाजानं तसं वागावं लागतं, वर आपली एन्ट्री आणि समोरच्याचं वाक्य संपायची वाट पाहणं हे आहेच.

आता ही वाट पाहायची ताकद कुठून येते? आमच्याकडे एक पोरगा आहे, एका जागी दोन मिनिटं बसत नाही, त्याला द्वारपाल केला तर भाला धरून अख्खा दरबाराचा सीन हलला नाही. सोव्हिएत रशियात मानुइलेन्को यांनी 1948 मध्ये नेमकं हेच तपासलं होतं, लहान मुलांना नुसतं स्तब्ध उभं राहा म्हटलं तेव्हापेक्षा पहारेकऱ्याचा खेळ म्हणून उभं केलं तेव्हा ती बरीच जास्त वेळ टिकली. 2017 मध्ये अमेरिकेत रेचल व्हाइट आणि सहकाऱ्यांनी चार आणि सहा वर्षांच्या 180 मुलांना कॉम्प्युटरवर दहा मिनिटं एक कंटाळवाणं काम दिलं, शेजारी खेळायला टॅबलेट ठेवला, आणि ज्या मुलांना तू बॅटमॅन आहेस, आता बॅटमॅन काम करतोय का बघ असं सांगितलं होतं ती सगळ्यात जास्त वेळ कामाला चिकटून राहिली. म्हणजे सोंग घेतलं की पोराला स्वतःपासून थोडं लांब उभं राहता येतं आणि लांबून स्वतःला आवरणं सोपं जातं.

पालक मला हमखास विचारतात, नाटकानं अभ्यासात फरक पडेल का? मी खोटं सांगत नाही. ग्लेन शेलनबर्ग यांचा 2004 सालचा टोरोंटोचा प्रयोग आहे, सहा वर्षांची 144 मुलं, चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गट, एकाला कीबोर्ड, एकाला गाणं, एकाला नाटक, एकाला काहीच नाही. वर्षानंतर बुद्ध्यांक संगीतवाल्यांचा थोडा जास्त वाढला, नाटकवाल्यांचा काहीच न शिकणाऱ्यांइतकाच. पण चारचौघांत वागण्या-बोलण्यात स्पष्ट सुधारणा दिसली ती फक्त नाटकाच्या गटात, आणि हा गट तर निव्वळ तुलनेसाठी ठेवलेला होता! पुढे थालिया गोल्डस्टीन आणि एलन विनर यांनी 2012 मध्ये वर्षभर अभिनय शिकणारी मुलं आणि चित्रकला-संगीत शिकणारी मुलं ताडून पाहिली, तर अभिनयवाल्यांची सहानुभूती वाढलेली दिसली. ही मुलं आपापल्या आवडीनं त्या वर्गात गेलेली, चिठ्ठ्या टाकून नाही, तेव्हा सगळं श्रेय अभिनयाला देता येत नाही हेही सांगायला पाहिजे.

आणि हा बदल घडतो तो तालमीत, प्रयोगाच्या संध्याकाळी नाही. म्हणून गॅदरिंगमध्ये आधी रेकॉर्ड केलेल्या डायलॉगवर पोरांना नुसते ओठ हलवायला लावतात ते बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण समोरच्याचं ऐकायचं, थांबायचं, मग बोलायचं, हे सगळं तिथे मशीन करतं आणि पोराच्या वाट्याला फक्त ड्रेस येतो.

आपल्याकडे याला मोठी परंपरा आहे. सुधा करमरकरांनी 1959 मध्ये मुंबईत लिटल थिएटर सुरू केलं, 1986 मध्ये डॉ. मोहन आगाशेंनी बर्लिनचं ग्रिप्स हे मुलांसाठीचं थिएटर पुण्यात आणलं, त्यात मोठी माणसं लहान मुलांची कामं करतात आणि मुलांचे खरेखुरे प्रश्न मांडतात. मला मात्र सगळ्यात जवळचं वाटतं ते रत्नाकर मतकरींनी ठाण्यात उभं केलेलं वंचितांचा रंगमंच, तिथे वस्तीतली पोरं आपल्याच आयुष्यातले विषय घेऊन स्वतः नाटक रचतात आणि करतात.

तर आमची काटक्यावाली. वळू नको हे सांगणं मी बंद केलं. तिला विचारलं, या मुलीच्या घरी चुलीला काटक्या किती लागत असतील? बराच विचार करून म्हणाली, सात. मग म्हटलं, सात मोजून घे, कमी पडल्या तर भाकरी कच्ची राहील. त्या तालमीला ती पहिल्यांदाच विंगेकडे न बघता वाकली, एकेक काटकी मोडून बघत होती, ओली आहे का सुकी, हे तर मी सांगितलंच नव्हतं.

प्रयोगाच्या दिवशी पहिल्या रांगेत तिचा पाच वर्षांचा भाऊ सतरंजीवर बसलेला. वाघ बाहेर आला आणि तो उभाच राहिला, "ताई, वाघ! ताई मागे!", त्याच्या पाठोपाठ सगळी पोरं ओरडायला लागली, समाजमंदिर नुसतं दणाणलं. ती काटकी उचलून म्हणत होती, पाच... सहा...