ओल्ड कोर्सचा आराखडा: आकडे पाठवण्यापूर्वी हे वाचा

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या गोल्फ मैदानावर निघालेल्यांना आम्ही प्रत्येक होल कसा खेळायचा याचा आराखडा करून देतो. जवळजवळ प्रत्येक ग्राहकाचा पहिला प्रश्न एकच असतो: ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारणारा क्लब (काठी), कुठे मारायचा? उत्तर तुमच्या आकड्यांवर ठरतं, आणि घोळही तिथेच होतो.

फॉर्मवर आम्ही प्रत्येक क्लबचा कॅरी विचारतो, म्हणजे चेंडू हवेतून जाऊन पहिल्यांदा टेकतो तिथपर्यंतचं अंतर. बहुतेक जण घरंगळण्यासकट अंतर लिहितात, तेही त्यांच्या सर्वांत लांब फटक्याचं. त्यावर बेतलेला आराखडा तुम्हाला थेट बंकरात, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, नेतो. चूक कळली की अठराही होल पुन्हा आखावे लागतात आणि बाकीच्यांची कामं मागे पडतात. म्हणून सरावाच्या रेंजवर प्रत्येक क्लबने दहा फटके मारा, सर्वांत लांब दोन सोडा आणि उरलेल्यांची सरासरी कळवा. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, त्यामुळे इथे चेंडू थोडा जास्त जातो. समुद्राकाठच्या गार हवेत तो कमी जाईल. ती वजाबाकी आम्ही करतो, तुम्ही करू नका.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? कोर्सवर 112 बंकर आहेत आणि त्यांतले बरेच टीवरून, म्हणजे होलचा पहिला फटका मारतात तिथून, दिसतच नाहीत. 2000 मध्ये इथेच झालेल्या ओपन स्पर्धेत टायगर वूड्स चारही फेऱ्यांत एकाही बंकरात गेला नाही आणि आठ फटक्यांनी जिंकला. आमचे आराखडेही कुठे जायचं नाही इथूनच सुरू होतात. जाणारे आणि येणारे होल शेजारी शेजारी असल्यामुळे डावीकडे सहसा जागा मिळते, उजवीकडे गॉर्सची काटेरी झुडपं किंवा मैदानाची हद्द. चौदाव्या होलवर दुसरा फटका हेल बंकरच्या डावीकडून, पाचव्या होलच्या फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) ठेवा. तरीही बंकरात गेलातच, तर झेंडा विसरा आणि आडवं किंवा मागे, जमेल तसं बाहेर पडा.

सतराव्या होलचा पार, म्हणजे अपेक्षित फटके, 4 आहे, पण आम्ही तो बहुतेकांसाठी पाचचा धरतो: दुसरा फटका ग्रीनच्या (झेंड्याभोवतीच्या बारीक हिरवळीच्या) अलीकडे उजवीकडे, तिथून पटर, म्हणजे चेंडू घरंगळवायचा क्लब. यावर ग्राहक नाराज होतात. पण 1978 च्या ओपनमध्ये जपानचे त्सुनेयुकी नाकाजिमा दोन फटक्यांत त्या ग्रीनवर पोचले होते. त्यांचा पट (पटरचा फटका) उतारावरून ग्रीनलगतच्या रोड बंकरात गेला आणि होलवर 9 फटके लागले.

कॅडी (क्लब वाहणारा आणि सल्ला देणारा मदतनीस) घेतला तर आराखडा कशाला, असंही विचारतात. कॅडी जरूर घ्या. वारा आणि ग्रीनचे उतार त्याच्याइतके आम्हाला कळत नाहीत. पण दडपणाखाली तुमचा चेंडू कुठे वळतो हे त्याला उमगेपर्यंत चार-पाच होल संपलेले असतात. आराखडा त्याच्या हातात पहिल्या टीवरच द्या.

वारा उलटला की अख्खं गणित बदलतं, म्हणून प्रत्येक होलची दोन पानं देतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत. आकडे प्रवासाच्या तीन आठवडे आधी पाठवलेत, तर तुमच्यासोबत रेंजवर एक सराव त्याच शुल्कात होतो. कोर्स रविवारी सहसा बंद असतो, विमानाची तिकिटं काढताना एवढं बघा.