फोन बदलण्याचा काळ कोण ठरवतं?

मोबाइल दर दोन वर्षांनी बदलायचा, हा हिशेब फोनच्या टिकाऊपणातून आलेला नाही. तो अमेरिकेतल्या करारांतून आला. २००८ मध्ये आयफोन ३जी तिथे १९९ डॉलरला मिळायचा, पण त्यासाठी दोन वर्षं एटी अँड टीची सेवा सोडणार नाही असं लिहून द्यावं लागे. फोनची उरलेली किंमत सेवा कंपनी ॲपलला भरायची आणि महिन्याच्या बिलातून ग्राहकाकडून वसूल करायची. खरी मेख पुढेच होती. दोन वर्षं संपली, फोनचे पैसे फिटले, तरी बिल उतरत नसे. जुनाच फोन वापरत राहिलेला माणूस न घेतलेल्या फोनचे पैसे भरत राही. अशा व्यवस्थेत पंचविसाव्या महिन्यात नवा फोन घेणं हाच शहाणपणा होता. त्याला उधळपट्टी म्हणणं अन्यायाचं ठरेल.

मार्च २०१३ मध्ये टी-मोबाइल या तिथल्याच दुसऱ्या सेवा कंपनीने फोनची किंमत आणि सेवेचं बिल वेगळं केलं. व्हेरायझनने ऑगस्ट २०१५ मध्ये आणि एटी अँड टीने जानेवारी २०१६ मध्ये तोच मार्ग धरला. फोनचा हप्ता बिलावर वेगळ्या ओळीत दिसू लागला आणि हप्ते संपले की बिल खाली येऊ लागलं. मग लोक थांबू लागले. हप्तेही आधी २४ महिन्यांचे होते, ते पुढे ३६ महिन्यांचे झाले आणि फोन बदलण्याचा काळ त्यांच्या मागोमाग लांबला.

जपानमध्ये हेच काम सरकारने केलं. तिथे एकेकाळी करार केला की फोन शून्य येनला हातात पडायचा. २००७ पासून सरकारने किंमत आणि सेवा वेगळी करण्याचा आग्रह धरला, आणि ऑक्टोबर २०१९ च्या कायद्याने सेवेसोबत मिळणारी फोनवरची सूट २० हजार येनपर्यंत मर्यादित केली. करार मध्येच मोडण्याचा दंड साडेनऊ हजार येनवरून एक हजारावर आला. दक्षिण कोरियाने २०१४ मध्ये सवलतींना वेसण घालणारा कायदा केला आणि जुलै २०२५ मध्ये तो मागे घेतला.

देशादेशांची तुलना करताना जपानचा आकडा जास्त भरवशाचा वाटतो, कारण तो कसा मोजला हे स्पष्ट असतं. तिथलं मंत्रिमंडळ कार्यालय घराघरांतून विचारतं, की फोन बदलला असेल तर आधीचा किती वर्षं वापरला आणि का बदलला: बिघडला, वरचं मॉडेल हवं होतं, की आणखी काही. उत्तर चार वर्षांच्या वर येतं. इतर अनेक आकडे मात्र एका वर्षातली विक्री आणि वापरातले एकूण फोन यांचा भागाकार करून काढलेले असतात. ज्या देशात पहिल्यांदाच फोन घेणारे खूप आहेत तिथे विक्री फुगते, आणि लोक भराभर फोन बदलतात असा भास होतो. भारताबद्दलचे आकडे वाचताना हे ध्यानात ठेवावं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. हे सगळे आकडे एका मालकाचा काळ मोजतात, फोनचं आयुष्य मोजत नाहीत. ठाण्यात गोखले रोडवर घेतलेला फोन दोन-अडीच वर्षांनी घरातल्या आजीकडे जातो, तिथून कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलाकडे, मग गावी, आणि शेवटी दुरुस्तीच्या टेबलावर सुट्या भागांसाठी उघडला जातो. मालक तीन-चार, फोन एकच. भारतात फोनची पूर्ण किंमत बहुतेक वेळा ग्राहकाच्याच खिशातून गेली, म्हणून जुन्या फोनलाही किंमत राहिली.

भारतातल्या मोबाइलची सुरुवात ३१ जुलै १९९५ ची. त्या दिवशी कोलकात्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. त्या काळी मिनिटाला सुमारे १६ रुपये पडत आणि आलेल्या कॉलचेही पैसे लागत. फोन बदलण्याचा प्रश्नच नव्हता. तो चालू ठेवणं हाच मोठा खर्च होता. २००३ च्या मे महिन्यात आलेले कॉल मोफत झाले, आणि त्याच वर्षी नोकियाचं ११०० हे मॉडेल आलं: धूळ आत न शिरणारं कीपॅड, वर टॉर्च, आणि मागचं झाकण नखाने सरकवून निघणारी बीएल-५सी बॅटरी. ती बॅटरी नाक्यावरच्या दुकानात मिळे आणि नोकियाच्या कितीतरी मॉडेलांत बसे. फोन म्हातारा झाला असं वाटलं की बॅटरी बदलायची, विषय संपला. २००७ मध्ये नोकियाने सदोष निघू शकणाऱ्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या बदलून देण्याची घोषणा केली, तेव्हाही फोन कोणाला टाकावा लागला नाही.

पुढचा इतिहास ठाणे-बेलापूर रस्त्यावरच घडला. कोपरखैरण्याच्या धीरूभाई अंबानी नॉलेज सिटीतून चालणाऱ्या रिलायन्स इन्फोकॉमने जुलै २००३ मध्ये ‘मान्सून हंगामा’ काढला: ५०१ रुपये भरा आणि फोन न्या. सेवेच्या करारावर फोन देण्याचा हा भारतातला बहुधा सर्वांत मोठा प्रयोग. तंत्र सीडीएमए या वेगळ्या प्रकारच्या नेटवर्कचं होतं आणि नंबर सिमऐवजी फोनमध्येच नोंदलेला असे. त्यामुळे कंपनी बदलायची तर फोनही बदलावा लागे, आणि नेटवर्क बंद पडलं की धडधाकट फोनही निकामी. २०१७ च्या अखेरीस त्या कंपनीची मोबाइल कॉल सेवाच थांबली, तोवर सीडीएमएचे उरलेसुरले संच कपाटात गेले होते ते गेलेच.

तोवर त्याच रस्त्यावर, घणसोलीच्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमधून, जिओ सुरू झालं होतं. तारीख ५ सप्टेंबर २०१६. जिओकडे फक्त ४जी होतं, २जी-३जी नव्हतंच. दोन वर्षांपूर्वी घेतलेला चांगला ३जी फोन एका दिवसात मागे पडला, आणि देशभर फोन बदलण्याची मोठी लाट आली. ज्यांना स्मार्टफोन परवडत नव्हता त्यांच्यासाठी २०१७ मध्ये १,५०० रुपये परतीच्या अनामतीवर जिओफोन आला. अमेरिकेत आणि जपानमध्येही ३जी बंद होताना जुने फोन असेच बाद झाले. फोन बदलण्याच्या कारणांत ‘नेटवर्कने सोडलं’ हे कारण क्वचित नोंदलं जातं, पण इतिहासात ते वारंवार येतं.

आता मुख्य कारण बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीचं आयुष्य चक्रांत मोजतात. एकूण १०० टक्के चार्ज वापरला की एक चक्र. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने घणसोलीला जाणारा माणूस सकाळी १०० टक्क्यांवर निघून रात्री २० टक्क्यांवर परतला, तर वर्षाला २९२ चक्रं होतात. ५०० चक्रांची बॅटरी साधारण २० महिन्यांत ८० टक्क्यांवर येते. ८०० चक्रांची ३३ महिन्यांत. घोडबंदर रोडवर दुचाकीच्या हँडलला फोन लावून, उन्हात नकाशा चालू ठेवून, वर पॉवर बँक जोडून डिलिव्हरी करणाऱ्या मुलाची दिवसाला दीड चक्रं सहज होतात, म्हणजे ५०० चक्रं ११ महिन्यांत. शिवाय ३५ अंशांच्या वरची उष्णता, विशेषतः चार्जिंग चालू असताना, बॅटरीचं आयुष्य वेगळंच खाते. या मुलांनी जुना फोन हँडलला लावावा आणि ९०-१०० टक्क्यांवर ताटकळत ठेवू नये, एवढं जरी पाळलं तरी फरक पडतो.

बॅटरी जुनी झाली की नुसती क्षमता घटत नाही, तिचा अंतर्गत रोधही वाढतो. कॅमेरा उघडला, प्रोसेसरने एकदम जास्त विद्युतप्रवाह ओढला, की व्होल्टेज कोसळतं आणि ३० टक्के दाखवत असताना फोन बंद पडतो. ॲपलने २०१७ मध्ये हे टाळण्यासाठी सॉफ्टवेअरने जुन्या आयफोनचा वेग कमी केला, आणि डिसेंबरमध्ये ते उघड झालं. टीकेनंतर ७९ डॉलरची बॅटरी २०१८ मध्ये वर्षभर २९ डॉलरला बदलून दिली. २ जानेवारी २०१९ ला टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना लिहिलेल्या पत्रात अपेक्षेपेक्षा कमी विक्रीची जी कारणं दिली त्यांत ही स्वस्त बॅटरीही होती. नव्या फोनची गरज आणि नव्या बॅटरीची गरज यांत किती कमी अंतर असतं, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा सापडणार नाही. फ्रान्सने या प्रकरणात २०२० मध्ये ॲपलला अडीच कोटी युरोंचा दंड केला.

बंद बॉडीच्या फोनची बॅटरी बदलायला अवघड नाही, पण घाई चालत नाही. चार्ज २५ टक्क्यांखाली आणायचा, म्हणजे चुकून सेलला टोचलं तरी धोका कमी. मागचं पॅनेल गरम करून गोंद सैल करायचा, पातळ प्लास्टिकच्या पट्टीने कडेकडेने सोडवायचं. बॅटरीखालची चिकटपट्टी ओढून काढायची. धातूच्या पट्टीने बॅटरी उचकटली की ती वाकते, आणि वाकलेली बॅटरी पुन्हा बसवायची नसते. शेवटी कडेचा गोंदाचा सील नवा लावायचा. हा सील विसरला जातो आणि पहिल्याच पावसात फोन परत टेबलावर येतो.

पाऊस आणि खाडीकाठची दमट हवा हे आपल्याकडचं खास कारण. जूननंतर वाशीच्या रघुलीला मॉलमधल्या किंवा ठाणे स्टेशनजवळच्या दुकानांत ‘चार्ज होत नाही’ ही तक्रार वाढते. ओल्या जॅकला चार्जर लावला की पिनांवरून वीज जाते आणि पाण्यात धातू झिजतो. पिना हिरव्या पडतात. बऱ्याच मॉडेलांत फक्त खालचा चार्जिंग बोर्ड बदलून काम भागतं, फोन बदलायची गरज नसते. फोन भिजला तर तो बंद करावा, चार्जर लावू नये, सिमचा ट्रे काढावा, जॅक खाली करून पंख्यासमोर ठेवावा. तांदळात ठेवल्याने पीठ आणि कण्या आत जातात. पाणी आत गेलंच असेल तर त्याच दिवशी उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुणं हाच उपाय. दोन दिवसांनी आयसीखाली, म्हणजे बोर्डवरच्या चिपांखाली, गंज चढलेला असतो. फोल्डर फुटला, म्हणजे काच आणि डिस्प्ले एकत्र गेला, की मात्र हिशेब बदलतो. ओलेड फोल्डरचा खर्च जुन्या फोनच्या किमतीच्या आसपास गेला की लोक एक्स्चेंजकडे वळतात. त्यात १ एप्रिल २०२० पासून नव्या फोनवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे फोन दुरुस्त करून आणखी वर्षभर काढण्याकडे कल राहतो.

शेवटचं कारण सॉफ्टवेअर. सुरक्षा पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी बुजवणारं अपडेट, थांबला की फोन चालतो, पण बँकेची आणि यूपीआयची ॲप्स हळूहळू नकार देऊ लागतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलने पिक्सेल ८ ला आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षांच्या अपडेटची हमी दिली. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियमच लावले: ८०० चक्रांनंतर बॅटरीत ८० टक्के क्षमता, मॉडेलची विक्री थांबल्यापुढेही सुटे भाग सात वर्षं आणि अपडेट पाच वर्षं. भारतात डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल आलं, आणि दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक, म्हणजे फोन किती सहज दुरुस्त होतो याचे गुण, ठरवणाऱ्या समितीने २०२५ च्या मे महिन्यात अहवाल दिला. त्यात बॅटरी, डिस्प्ले, चार्जिंग पोर्ट, कॅमेरे, स्पीकर असे भाग वेगळे धरले आहेत. वाशीत काय, ठाण्यात काय, टेबलावर येणारे फोन याच भागांसाठी येतात.

तोवर जुना फोन घेताना दुकानातच चार गोष्टी बघाव्यात. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढावा, इंग्रजीत केवायएम (KYM) लिहून एक जागा सोडून तो १५ आकडी क्रमांक १४४२२ वर पाठवावा. फोन काळ्या यादीत असेल तर उत्तरात कळतं. आधीच्या मालकाने गुगल किंवा ॲपलचं खातं समोर काढून टाकलं आहे का, हे फोन रिसेट करून पाहावं. मागचं पॅनेल कडेला उचललं असेल तर बॅटरी फुगली आहे. आणि सेटिंगमध्ये सुरक्षा पॅचची तारीख वाचावी. ती वर्षभरापूर्वीची असेल तर किंमत त्या हिशेबाने पाडून मागावी.