गोल्फमधल्या वेजच्या ग्राइंडबद्दलचा गैरसमज, एकदाचा क्लिअर करू

आपल्या नागपुरात गोल्फ रेंजवर (सरावाच्या मैदानावर) वेजबद्दल, म्हणजे जवळून बॉल उंच उडवायच्या क्लबबद्दल, कोणालाही विचारा, उत्तर एकच, "भाऊ, बाउन्सचा नंबर बघ, कमी असेल तर प्रोचा वेज, जास्त असेल तर नवख्याचा, ग्राइंड वगैरे नुसती डिझाईन." हे चूक आहे राजेहो.

बाउन्स म्हणजे सोलचा (क्लबच्या तळाचा) मागचा भाग पुढच्या धारेपेक्षा किती खाली येतो तो कोन, साधारण ४ ते १४ डिग्री. त्यानेच क्लब मातीत रुतत नाही. अमेरिकन गोल्फर जीन साराझेननं वेजच्या सोलला मागून सोल्डर चढवून तो जाड केला आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन मारली, म्हणजे जास्त बाउन्स चॅम्पियनलाच पाहिजे होता ना!

आता ग्राइंड. सोलची टाच, टोक किंवा मागची कड घासून धातू काढतात, म्हणून ते नाव. फेस (बॉलला लागणारी बाजू) उघडला, म्हणजे वर आकाशाकडे वळवला, की बाउन्स वाढतो आणि पुढची धार जमिनीवरून उचलली जाते, मग ती बॉलच्या पोटात बसून शॉट सरळ ग्रीनपार (होलभोवतीच्या हिरवळीपलीकडे). टाच घासलेली असली की उघड्या फेसनेही धार खालीच राहते. त्यामुळे दोन वेजवर बाउन्स १०च लिहिलेला असला तरी रुंद सोलवाला वेगळा वागतो, घासलेला वेगळा.

आणि आपल्याकडे मे महिन्यात जमीन फरशीसारखी टणक, पावसाळ्यात तीच काळी माती चिखल, मग एकच नंबर सगळीकडे कसा चालेल बाप्पा? फटक्यासोबत खोल डिव्हट (गवत-मातीचा तुकडा) काढणाऱ्याला रुंद सोल, जास्त बाउन्स. अलगद उचलणाऱ्याला, तेही कडक जमिनीवर, घासलेला. मी स्वतः फुशारकीनं ४ डिग्रीचा घेतला होता, पहिल्याच पावसात पावडं झालं त्याचं.